सोमवारची दाढी

त्या गल्लीत केस कापायची दोन दुकानं होती आणि दोन्ही अगदी समोरासमोर. एका दुकानातल्या खुर्चीत बसलं की आरशात दुसऱ्या दुकानाचं दार दिसायचं. पण दोन्ही मालकांमध्ये विस्तव जात नव्हता.

एक मालक पणभाऊ. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुणी काहीही म्हटलं तरी त्याचं उत्तर ‘पण’नेच सुरू व्हायचं, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. ‘आज हवा छान आहे’ म्हटलं की हा म्हणणार, ‘पण संध्याकाळी बघा!’ बायको तर म्हणायची, की हे आमच्या लग्नात ‘हो’ म्हणाले तेव्हा पाळकसाहेब थोडा वेळ थांबले होते, पुढे काही येतंय का म्हणून. माणूस मात्र सरळ. हात हलका, जीभ जरा जड. रविवारी सकाळी दोघं नवराबायको उपासनेला जायची आणि पणभाऊ गाणी मोठ्याने आणि बेसूर म्हणायचा.

दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर सोनेरी मुकुट रंगवलेला होता, म्हणून त्याचा मालक मुकुटवाला. उंचापुरा, भरदार मिशांचा, गिऱ्हाईक हसवत ठेवणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी गल्लीत आवई उठली, की पणभाऊच्या टॉवेलांनी मानेला खाज सुटते. पणभाऊ टॉवेल रोज उकळत्या पाण्यातून काढायचा, स्वतःच्या हाताने वाळत घालायचा. ती गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. आवई कुठून उठली हे शोधायला कुणा पोलिसाची गरज नव्हती. तिच्या मागोमाग गिऱ्हाइकं कुठल्या दारात शिरली ते आरशातच दिसत होतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. सकाळी शटर वर करताना दोघांच्या पाठी एकमेकांकडे असायच्या.

मग एका सकाळी मुकुटवाल्याचं शटर वर गेलंच नाही. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, जीभही हळूहळू सुटली, पण उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. दुकान बंद झालं ते बंदच राहिलं. मुकुटवाल्याची गिऱ्हाइकं थोडे दिवस रेंगाळली, केस वाढवून बघितले आणि शेवटी रस्ता ओलांडून पणभाऊकडे आली.

पणभाऊच्या दुकानात बाक अपुरा पडायला लागला. त्याने दुसरा बाक आणला. ‘वाईट झालं बिचाऱ्याचं,’ असं तो गिऱ्हाइकांना म्हणायचा आणि कात्री चालवताना त्याच्या ओठांवर गाणं यायचं. असाच एका सकाळी, दुकान उघडण्याआधी, तो खुर्चीत बसून प्रार्थना करत होता. ‘प्रभू, तुझे उपकार किती मानू? तू माझी बाजू घेतलीस, माझं दुकान भरलंस...’ आणि आभार मानता मानताच त्याच्या मनात एक वाक्य येऊन उभं राहिलं. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. दारात ओळखीचा माणूस येऊन उभा राहावा, तसं वाक्य.

जा, त्याची दाढी कर.

पणभाऊने डोळे उघडले. दुकानात कुणी नव्हतं. त्याने घाईघाईने ‘आमेन’ म्हटलं आणि शटर वर केलं.

दोन दिवस त्याने तो विषय मनातून हाकलला. तो परत परत येत राहिला. साबणाचा फेस करायला घेतला की यायचा, वस्तरा पट्ट्यावर घासताना यायचा. शेवटी त्याने तडजोड काढली. रविवारी उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तिथे त्याने उभं राहून मुकुटवाल्यासाठी खणखणीत प्रार्थना केली. मंडळी हेलावली. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, ‘शत्रूसाठी एवढी प्रार्थना! धन्य आहे बाबा तुझी.’ पणभाऊला वाटलं, झालं, सुटलो.

मंगळवारी वस्तरा हातात घेतला आणि वाक्य तिथेच उभं.

मग त्याने बायकोबरोबर मुकुटवाल्याच्या घरी भाज्यांचं गरम सूप पाठवलं. पुढच्या आठवड्यात फळं पाठवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात पडून असलेली चाकांची खुर्ची स्वतः तेलपाणी करून पाठवली. ती पोचवून आल्यावर बायको दमून पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘आता काय पाठवायचंय? कपाट?’

‘अगं, चांगलंच करतोय ना मी?’

‘चांगलंच करताय. पण तुम्ही आजवर त्या माणसाचं नाव घेतलं की पाणी घेऊन चूळ भरत होतात. आता टोपल्यांवर टोपल्या. झालंय तरी काय?’

तेव्हा पणभाऊने तिला सगळं सांगितलं. बायको ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘देवाने दाढी सांगितली आणि तुम्ही सूप पाठवलंत.’

‘पण सूप काय वाईट आहे?’

‘मी तुम्हाला बाजारातून साबण आणायला सांगितला आणि तुम्ही हंडाभर मध घेऊन आलात, तर मध वाईट नाही. पण धुणं पडूनच राहिलं ना?’

पणभाऊला उत्तर सुचलं नाही. बायकोपुढे असं क्वचितच व्हायचं असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, रोजच होतं.

तरी त्याने शेवटचा प्रयत्न केला. पाळकसाहेब केस कापायला आले, तेव्हा त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधताना त्याने विचारलं, ‘पाळकसाहेब, मनात एखादी गोष्ट येते. ती देवाची की आपलीच, हे ओळखायचं कसं?’

‘कसली गोष्ट आहे?’

पणभाऊने सांगितलं. पाळकसाहेबांनी आरशातून समोरच्या बंद शटरकडे बघितलं. ‘भाऊ, तुमची स्वतःची असती तर तुम्हाला आवडली असती. ही तुम्हाला आवडतेय का?’

‘छे!’

‘ती देवाच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे का?’

‘नाही. पण...’

‘मग माझं डोकं लवकर उरका,’ पाळकसाहेब म्हणाले, ‘तुम्हाला जायचंय.’

दुकानाला सोमवारची सुटी असायची. त्या सोमवारी पणभाऊने डब्यात वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा आणि दोन धुतलेले टॉवेल ठेवले. टॉवेल ठेवताना तो क्षणभर थांबला. मग तिसरा ठेवला.

मुकुटवाल्याचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर होतं. त्याच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं. सुपाच्या, फळांच्या निमित्ताने पणभाऊच्या बायकोशी त्यांची चांगली गट्टी जमली होती, पण दारात खुद्द पणभाऊला बघून त्या मागे सरकल्या. आतून आवाज आला, ‘कोण आहे?’

‘समोरचे... समोरचे भाऊ आलेत. दाढी करायला.’

मग बोबडा पण चांगलाच चढलेला आवाज आला, ‘हाकला त्याला! मी अजून मेलो नाही म्हणावं!’

वहिनी ओशाळल्या. पणभाऊ म्हणाला, ‘असू द्या, असू द्या,’ आणि जिना जवळजवळ उड्या मारत उतरला. छातीवरचा धोंडा उतरला होता. सांगितलं तसं केलं, समोरच्याने नाकारलं, आता आपली जबाबदारी संपली! घरी येऊन त्याने डबा फळीवर ठेवला आणि बायकोला सगळं खुशीत ऐकवलं.

‘बरं झालं गेलात,’ बायको म्हणाली. ‘दाढी झाली?’

‘अगं, तो नको म्हणाला ना!’

‘आजारी माणूस पहिल्यांदा औषधालाही नको म्हणतो.’

पुढच्या सोमवारी पणभाऊ पुन्हा तो जिना चढला. या वेळी वहिनींनी काही न विचारता दार पूर्ण उघडलं. मुकुटवाला खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. पणभाऊ त्याला बघून थबकला. मिशांचा पत्ता लागत नव्हता, कारण सगळा चेहराच एक झुडूप झाला होता. गालावर दोन ठिकाणी कापल्याच्या खुणा होत्या. वहिनींनी घरीच प्रयत्न केला होता आणि रक्त बघून हात टेकले होते. झुडपाच्या आत खाज सुटत असणार, कारण मुकुटवाला डाव्या हाताने सारखा हनुवटी खाजवत होता.

त्याने खाजवणं थांबवलं. ‘पुन्हा आलास?’

‘आलो.’

‘का?’

पणभाऊने वाटेत दोन-चार गोड उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. ‘देवाने सांगितलं म्हणून. मला स्वतःला यायचं नव्हतं.’

मुकुटवाल्याच्या तोंडाची एक बाजू हलली. ‘हे खरं वाटतंय,’ तो म्हणाला. ‘माया येऊन आलास असं म्हणाला असतास, तर पुन्हा हाकलला असता. कर.’

पणभाऊने टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळला आणि त्याच्या चेहऱ्यावर ठेवला. त्याच टॉवेलवरून एवढं सगळं झालं होतं, हे दोघांच्याही मनात आलं असेल. कात्रीने आधी झुडूप उतरवलं. मग फेस. मग वस्तरा. उजव्या बाजूचा गाल सैल पडला होता. तो डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरावा लागत होता. पणभाऊचं सगळं लक्ष त्या कातडीत गेलं. गळ्याशी आला तेव्हा मुकुटवाला हळूच म्हणाला, ‘माझ्या गळ्यावर वस्तरा घेऊन उभा आहेस. मनात काय चाललंय, खरं सांग.’

‘तुझे हनुवटीखालचे केस उलटे उगवतात, त्याचं चाललंय. बोलू नकोस.’

वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांना हसू फुटलं. काम झाल्यावर पणभाऊने तुरटी फिरवली, मिशा नीट कातरून दिल्या आणि आरसा पुढे धरला. मुकुटवाल्याने बराच वेळ त्यात बघितलं. झटक्यानंतर त्याने आरसा बघितलाच नव्हता, हे वहिनींनी नंतर सांगितलं.

‘डावी मिशी किंचित लांब राहिली,’ तो म्हणाला.

‘तुझं तोंड वाकडं आहे, मिशी सरळ आहे.’

त्यावर मुकुटवाला इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि वहिनी पाणी आणायला धावल्या.

तेव्हापासून दर सोमवारी दाढी ठरली. सुरुवातीला पणभाऊ डबा उचलताना उसासा टाकायचा. मग उसासा कधी बंद झाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. दोघं एकाच धंद्यातले, त्यामुळे बोलायला विषय उदंड होते. टक्कल लपवायला बाजूचे केस डोक्यावरून ओढून घेणारी माणसं, खुर्चीत बसल्या बसल्या घोरणारी माणसं, ‘थोडेच कापा’ म्हणून मग तक्रार करणारी माणसं. असे विषय बायकोपुढे काढले की ती जांभई द्यायची. इथे त्याला बरोबरीचा माणूस भेटला होता.

एका सोमवारी, फेसाने तोंड भरलेलं असताना, मुकुटवाला म्हणाला, ‘ती टॉवेलची गोष्ट मीच उठवली होती.’

‘माहीत आहे.’

‘तुझ्याकडे गर्दी वाढली होती. पोटात दुखत होतं माझ्या.’

‘माझ्याही दुखत होतं,’ पणभाऊ म्हणाला. ‘तू आजारी पडलास तेव्हा मी देवाचे आभार मानले होते.’

मुकुटवाल्याने एक डोळा उघडला. ‘मग देव काय म्हणाला?’

‘तुझी दाढी कर म्हणाला.’

‘मग आपली फिटंफाट झाली. चल, वाळतोय फेस.’

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर पणभाऊ खूश राहिला असता. पण मुकुटवाल्याला एक मुलगी होती. घरात तिला ताई म्हणायचे. बापाची उंची, बापाचाच आवाज. दिवसा ती एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला जायची आणि संध्याकाळी बंद दुकानाची चावी घेऊन एकटीच आत जाऊन आरसे पुसायची. एका सोमवारी ती पणभाऊचा हात निरखत उभी राहिली. म्हणाली, ‘काका, बाबांना शिकवता येत नाही आता. हाताने करून दाखवल्याशिवाय हे काम तोंडाने सांगून येत नाही. मला दुकान उघडायचंय.’

मुकुटवाला एकदम म्हणाला, ‘ताई, गप्प बस. त्याच्याकडे हे मागायचं नाही. दाढी करतो तेवढं पुष्कळ आहे.’

पणभाऊ डबा आवरून खाली आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. पुढे काय येणार ते त्याला आधीच कळलं होतं. त्याने वर बघितलं. जिन्याच्या छताला ओल आली होती, त्या ओलीकडे बघूनच तो पुटपुटला, ‘दाढी ठीक आहे, प्रभू. पण हे? माझ्याच हाताने समोरचं दुकान उघडून देऊ? दुसरा बाक नुकताच आणलाय मी!’

वाक्य या वेळी आलं नाही. यायची गरजच नव्हती. पणभाऊ पायरीवर बसून राहिला, त्याने सगळे ‘पण’ एकेक करून मांडले आणि ते सगळे दुसऱ्या बाकापाशीच येऊन थांबत होते. शेवटी तो उठला, पँट झटकली आणि पुन्हा जिना चढला.

दार ताईनेच उघडलं. ‘विसरलात का काही?’

‘हो. उद्या कामावरून आलीस की दुकानात ये. आणि फुगे घेऊन ये.’

‘फुगे?’

‘पुष्कळ.’

फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो न फोडता उतरवायचा, ही शिकायची रीत. पहिल्या आठवड्यात पणभाऊच्या दुकानातून संध्याकाळी असे धडाके यायला लागले की शेजारचा चांभार विचारून गेला, लग्न कुणाचं आहे म्हणून. ताईच्या केसांत फेस, भिंतीवर फेस, छताच्या पंख्याला फुग्याचा तुकडा लोंबकळतोय. पणभाऊ ओरडायचा, ‘मनगट! अगं मनगट सैल सोड! हा फुगा आहे, कारखान्यातला डबा नव्हे!’ ती न चिडता पुढचा फुगा फुगवायची. एक दिवस फुगा फुटला नाही. दोघंही तो हातात धरून बघत राहिले.

पहिला खराखुरा चेहरा द्यायला पाळकसाहेब तयार झाले. त्या रविवारी ते हनुवटीला कापसाचा बोळा चिकटवून उपदेशाला उभे राहिले. उपदेशात त्यांनी आज्ञापालनाचा विषय घेतला, आणि ‘त्याची किंमत मोजावी लागते’ म्हणताना हात आपोआप हनुवटीकडे गेला, तेव्हा पणभाऊच्या बायकोला रुमाल तोंडात कोंबून बसावं लागलं.

वसंत सरता सरता मुकुटाच्या दुकानाचं शटर वर गेलं. पाटी ताईने नव्याने रंगवली होती. मुकुटवाल्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि दाराशी बसवलं. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं, आणि मुकुटवाला तिथल्या तिथे मुलीवर ओरडला, ‘कंगवे उलटे ठेवलेत!’

जुनी गिऱ्हाइकं हळूहळू परत गेली. दोन-तीन नवीही गेली, कारण ताईचा हात खरंच चांगला होता. पणभाऊच्या दुकानातला दुसरा बाक रिकामा राहायला लागला. घरात जरा हात आखडून चालावं लागलं. बायकोने एका संध्याकाळी त्याच्याकडे नीट बघून विचारलं, ‘वाईट वाटतंय का हो?’

पणभाऊने विचार केला. जिथे इतकी वर्षं काहीतरी टोचायचं, तिथे आता काही टोचत नव्हतं. ‘भीती वाटली होती,’ तो म्हणाला. ‘वाईट वाटेल अशीच. पण वाटत नाहीये. सकाळी प्रार्थनेला बसतो ना, आता तिथून लवकर उठावंसं वाटत नाही. पूर्वी देवाला सांगायचं सांगून मी पळायचो. त्याने काही सांगितलं तर काय घ्या!’

‘आता सांगत नाही का काही?’

‘सांगतो की. कालच म्हणाला, बायकोला विचारल्याशिवाय बाक विकू नकोस.’

‘हे देवाने सांगितलं?’

‘नाही,’ पणभाऊने कबूल केलं. ‘हे मला कळतं.’

बाक विकला नाही. तो पाळकसाहेबांनी चर्चच्या अंगणात ठेवला, आणि उपासनेनंतर म्हातारी माणसं त्यावर ऊन खात बसायला लागली.

उन्हाळ्यात एका सकाळी पणभाऊच्या बाजूचा पाण्याचा नळ अचानक बंद पडला. गल्लीत कुठेतरी पाइप फुटला होता. नेमका खुर्चीत पोस्टमन बसलेला, तोंडभर फेस, हनुवटी तेवढी झालेली. बादलीत थेंब नाही. पोस्टमन घाबरून म्हणाला, ‘अहो, मला टपाल वाटायचंय! अशा तोंडाने जाऊ?’

पणभाऊने दारातून हाक मारली, ‘ताई! तुझ्याकडे पाणी आहे का गं?’

‘धो धो!’

मग गळ्याला कापड बांधलेला, दोन्ही गालांवर फेस असलेला पोस्टमन पुढे आणि हातात वस्तरा घेतलेला पणभाऊ मागे, अशी वरात रस्ता ओलांडून निघाली. येणारी-जाणारी माणसं थांबली. एका बाईने मुलाला जवळ ओढलं. मुकुटवाला दाराशी खुर्चीत बसला होता, तो डाव्या हाताने गुडघा बडवत हसायला लागला.

‘आत बसव त्याला,’ तो म्हणाला. ‘आणि उजवा गाल ताईला करू दे. तू डावा कर. बघू कोणाचा चांगला होतो.’

‘अहो, माझं टपाल!’ पोस्टमन म्हणाला.

पण तोवर ताईने गरम पाण्याचा टॉवेल त्याच्या तोंडावर ठेवलाही होता.